एकाच बाकावर भक्त आणि नास्तिक

धर्म शिकवणे आणि धर्माविषयी शिकवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला १९६३ साली निकालपत्रात लिहून ठेवावे लागले. पेनसिल्व्हेनियातल्या सरकारी शाळांत रोज सकाळी बायबलमधली निदान दहा वचने वाचायची, असा त्या राज्याचा कायदा होता. शेम्प नावाच्या, युनिटेरियन या उदारमतवादी पंथाच्या एका कुटुंबाने त्याविरुद्ध दाद मागितली आणि आठ विरुद्ध एक अशा बहुमताने खटला जिंकला. शाळेतले सक्तीचे वाचन थांबले. मात्र बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी त्यातच एक वाट मोकळी ठेवली. धर्मांचा इतिहास, त्यांचा तुलनात्मक अभ्यास, बायबलचे साहित्य म्हणून वाचन, हे सारे तटस्थपणे होत असेल तर घटनेची त्याला आडकाठी नाही; किंबहुना त्यावाचून माणसाचे शिक्षण अपुरेच म्हणावे लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

सरकारी पैशावर चालणाऱ्या तिकडच्या विद्यापीठांना तोवर वर्गात धर्माचे नाव घेण्याची धास्ती वाटे. काहींनी पळवाटा शोधल्या होत्या. आयोवा विद्यापीठात १९२७ पासून धर्मविषयक शिक्षणाची स्वतंत्र शाळा होती, पण तिथे कॅथलिक प्राध्यापकाचा पगार कॅथलिकांनी द्यायचा आणि ज्यू प्राध्यापकाचा ज्यूंनी, अशी सुरुवातीची व्यवस्था. निकालानंतर चित्र पालटले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत १९६४ साली ‘रिलिजस स्टडीज’चा विभाग उघडला आणि मग राज्याराज्यांत असे विभाग निघत गेले. बायबल शिकवणाऱ्या प्राध्यापकांची १९०९ पासूनची एक संघटना होती. तिनेही त्याच सुमारास ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ रिलिजन’ असे नवे नाव घेतले. इंग्लंडमध्ये लँकेस्टरच्या नव्या विद्यापीठाने १९६७ साली असा विभाग काढला, तेव्हा प्राध्यापकाच्या जागेसाठी उमेदवार कोणत्याही धर्माचा किंवा कोणताच धर्म न मानणारा चालेल, असे सांगितले होते. त्या काळी ती केवढी धिटाई होती, हे आज सहज ध्यानात येत नाही. तोवर इंग्लंडात धर्म शिकवायचा म्हणजे पाद्री घडवायचे, आणि ते काम पाद्र्यानेच करायचे, अशी समजूत होती.

आपल्याकडे याच प्रश्नाला राज्यघटनेने आधीच उत्तर दिले होते. कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. हे बंधन धर्मोपदेशावर आहे, अभ्यासावर नाही. राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात पदवीच्या तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातले मूलभूत प्रश्न शिकवावेत, असे सुचवले होते. कोठारी आयोगाने १९६६ साली धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत स्पष्ट फरक केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली डी.ए.व्ही. कॉलेजच्या खटल्यात आणि पुन्हा २००२ साली अरुणा रॉय खटल्यात हाच फरक मान्य केला. एवढे सगळे झाले, तरी आपल्या विद्यापीठांनी सोपा मार्ग धरला आणि विषयच टाळला. त्याला एक ठळक अपवाद पंजाबचा. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६७ साली, गुरू गोविंदसिंगांच्या तीनशेव्या जयंतीच्या निमित्ताने, त्यांच्याच नावाने धर्म-अध्ययनाचा विभाग स्थापन झाला. लँकेस्टरचेही वर्ष तेच. महाराष्ट्रात मात्र पालीचे विभाग आहेत, संस्कृतचे आहेत, संतांच्या नावांची अध्यासने आहेत. पण वारकरी, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती आणि काहीच न मानणारा अशा पाच जणांनी एका बाकावर बसून एकाच प्रश्नाचा विचार करावा, अशी खोली सापडणे कठीण. प्रस्तुत पुस्तक तशा खोलीसाठी लिहिलेले आहे. ते कोणासाठी आणि कशासाठी, हे सांगण्यापूर्वी अशा विभागात घडते तरी काय, याची वाचकाला ओळख करून देणे जरूर आहे.

लँकेस्टरच्या त्या जागेवर निनियन स्मार्ट हे स्कॉटिश गृहस्थ आले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात होते, चिनी शिकले होते, आणि नेमणुकीवर सिलोनला गेले तेव्हा बौद्ध धर्म त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. धर्म म्हणजे आधी सिद्धान्त आणि मग बाकी सगळे, ही युरोपातल्या पुस्तकांची सवय त्यांनी मोडली. धर्माला अनेक अंगे असतात असे ते सांगत: विधी, अनुभव, कथा, सिद्धान्त, आचारनियम आणि समाजरचना. पुढे १९८९ च्या पुस्तकात त्यांनी सातवे अंग जोडले. ते म्हणजे वस्तू: मूर्ती, इमारती, कपडे, डोंगर, नद्या. कोणत्याही धर्मात ही सातही अंगे शोधावीत, ती सारख्या प्रमाणात सापडतील असे धरून चालू नये, आणि एका अंगावरून दुसऱ्याला कमी लेखू नये, एवढीच त्यांची शिस्त. पहिल्या वर्षाच्या मुलांना धर्माकडे पाहायला शिकवण्यासाठी याहून सुटसुटीत साधन अजून तरी कोणी काढलेले नाही.

ते जेजुरीला लावून पाहू. सिद्धान्तापासून सुरुवात करणारा अभ्यासक संस्कृत ‘मल्हारी माहात्म्य’ उघडील, मणी-मल्ल दैत्यांचा वध वाचील, शिवाचा एक अवतार अशी नोंद करील आणि परत फिरेल. पण सोमवती अमावास्येला पालखी कऱ्हेच्या स्नानाला निघते, तेव्हा पायऱ्यांवर पडलेला हळदीचा थर त्या ग्रंथात नाही. घरोघरी तळी भरली जाते, वाघ्या लंगर तोडतो, जागरणात रात्रभर देवाच्या लग्नांची गाणी होतात. लग्नेही कोणाशी? वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई. दोघींचे भांडण जागरणात लोक हसत हसत ऐकतात, आणि त्यातून गाव आणि रान, शेती आणि मेंढरे यांचे नाते उलगडते. जर्मन अभ्यासक ग्युंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा आपला ग्रंथ १९७६ साली लिहिला, तो धनगरांच्या तांड्यांमागे चालून, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून. कथा हे अंग त्यांनी पोथीत शोधले असते तर हाती फारसे लागले नसते.

आणि मग आचारनियमांचे अंग येते, तिथे वर्ग शांत होतो. मुलीला देवाला वाहून मुरळी करण्याची चाल होती. मुंबई प्रांतात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला. ‘देवाशी लग्न’ या कल्पनेत भक्ती किती आणि त्या मुलीची संमती किती, तिचे पोट कोण भरत होते, तिच्या मुलांना नाव कोणाचे लागत होते, हे प्रश्न विचारल्यावाचून जेजुरीचा अभ्यास पुरा होत नाही. ते प्रश्न विचारणारा आपोआप खंडोबाचा वैरी ठरत नाही, आणि भंडाऱ्याचे सौंदर्य लिहिणारा त्या चालीचा समर्थक ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच टिपणवहीत राहू शकतात. धर्म-अध्ययनाच्या वर्गात मुलाला जे अंगी बाणवायचे, ते नेमके हे.

अशा विभागांतले अभ्यासक्रम पाहिले की आपल्या कल्पनेला धक्का बसतो. हिंदू धर्म, इस्लाम, बौद्ध धर्म अशी नावे असतातच. सांता बार्बराला रायमोन पणिक्कर शिकवत. वडील केरळचे हिंदू, आई स्पेनमधली कॅथलिक, स्वतः धर्मोपदेशकाची दीक्षा घेतलेले आणि वेदांचे अभ्यासक. पण त्याच विभागात वॉल्टर कॅप्स यांनी १९७९ साली सुरू केलेला वर्ग होता व्हिएतनाम युद्धावर. धर्माच्या विभागात युद्ध कशाला, असे कोणीही विचारील. कॅप्स यांचे म्हणणे असे की, युद्धातून परतलेल्या माणसाचे पाप, प्रायश्चित्त, मेलेल्या मित्राचे ऋण, देशावरची श्रद्धा हे सारे प्रश्न धर्माचेच आहेत. ते चर्चच्या बाहेर उभे आहेत इतकेच. त्यांनी माजी सैनिकांना वर्गात बोलावले. ज्यांच्याशी घरचेही त्या विषयावर बोलत नव्हते, ती माणसे शेकडो मुलांसमोर उभी राहून बोलू लागली. विद्यापीठातल्या सर्वाधिक गर्दीच्या वर्गांत तो गणला गेला, आणि १९८७ साली टीव्हीच्या एका नामांकित कार्यक्रमाने त्याची दखल घेतली. नावात धर्म आहे त्यालाच धर्म मानायचे ठरवले, तर असा वर्ग कधीच निघाला नसता.

हा अभ्यास निरुपयोगी, पोटाला न लागणारा, असे आपल्याकडचे पालक म्हणतात, तिकडचेही म्हणतात. त्यांना एक वाईट उदाहरण सांगावेसे वाटते. टेक्सासमधल्या वॅको गावाजवळ डेव्हिड कोरेश नावाच्या माणसाचा एक ख्रिस्ती पंथ राहत होता. बेकायदा शस्त्रांच्या संशयावरून २८ फेब्रुवारी १९९३ रोजी सरकारी पथकाने धाड घातली, दोन्ही बाजूंची माणसे मेली, आणि पुढे ५१ दिवस वेढा चालला. कोरेश वाटाघाटी करणाऱ्या अधिकाऱ्यांशी तासन्‌तास बायबलच्या शेवटच्या ग्रंथातल्या सात मुद्रांविषयी बोले. अधिकाऱ्यांच्या लेखी ती बडबड होती. जेम्स टेबर आणि फिलिप अर्नोल्ड या दोन धर्म-अभ्यासकांना मात्र त्यात संगती दिसली. हा माणूस आपण नेमक्या कोणत्या मुद्रेच्या काळात आहोत हे ठरवू पाहतो आहे, आणि त्या उत्तरावर आतल्या माणसांचे जगणे-मरणे अवलंबून आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी रेडिओवरून त्याच्याशी त्याच्याच ग्रंथाच्या भाषेत संवाद साधला. १४ एप्रिलला कोरेशने कळवले की, मुद्रांचा अर्थ लिहून पुरा झाला की आपण बाहेर येऊ. सरकारला ती आणखी एक टाळाटाळ वाटली. १९ एप्रिलला रणगाड्यासारखी वाहने आत घुसवली गेली, आग लागली आणि ७६ माणसे गेली, त्यांत मुलेही होती. तो खरोखर बाहेर आला असता का, हे कोणीच सांगू शकणार नाही. पण समोरच्याचे बोलणे समजणारी माणसे देशात होती आणि निर्णय घेणाऱ्यांना ती कामाची वाटली नाहीत, एवढे नोंदवण्याजोगे आहे.

त्याआधी चौदा-पंधरा वर्षे, नोव्हेंबर १९७८ मध्ये, गयानातल्या जोन्सटाउनमध्ये नऊशेहून अधिक माणसे विष घेऊन मेली होती. तेव्हा धर्माचे बहुतेक अभ्यासक गप्प राहिले. शिकागोच्या जोनाथन स्मिथ यांनी त्या मौनावर टीका केली. आपल्याला न आवडणारा, भीतिदायक धर्म हा धर्मच नाही असे म्हणून बाजूला सारायचे असेल, तर आपला विभाग बंद केलेला बरा, असा त्यांच्या १९८२ च्या पुस्तकातला रोख आहे. स्मिथ यांच्याआधी शिकागोत मिर्चा एलियादे यांचा दबदबा होता. सगळ्या धर्मांच्या तळाशी पवित्रतेचा एकच अनुभव आहे, असे मानणारे ते घराणे. स्मिथ यांनी उलट विचारले की हे साम्य तिथे आहे, की तुलना करणाऱ्याने निर्माण केले? या वादावर पदव्युत्तर वर्गात अख्खे सत्र जाते. इथे मी तो वाद थोडक्यात आवरतो, कारण या पुस्तकाचे चौथे प्रकरण त्याच्यावरच आहे आणि ते प्रस्तावनेपेक्षा चांगले आहे.

विभागाचे दुसरे अंग म्हणजे त्याचे कार्यक्रम. व्याख्यानमाला, परिसंवाद, चित्रपट, पुस्तकचर्चा, कुठल्याशा देवळाला किंवा मशिदीला भेट. ही परंपरा विभागांहून जुनी आहे. मॅक्स म्युलर यांनी १८७८ साली लंडनमध्ये हिबर्ट व्याख्यानमालेची पहिली व्याख्याने दिली, भारतातल्या धर्मांवर, तीही वेस्टमिन्स्टर ॲबेच्या चॅप्टर हाउसमध्ये. मागणी एवढी आली की प्रत्येक व्याख्यान दोनदा द्यावे लागले. स्कॉटलंडच्या विद्यापीठांतल्या गिफर्ड व्याख्यानांतून विल्यम जेम्स यांचा धर्मानुभवावरचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. आपल्या दृष्टीने महत्त्वाची घटना मात्र १९८४ ची. टोरांटो विद्यापीठात न. के. वागळे यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राची संस्कृती आणि समाज या विषयावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढे ती निरनिराळ्या शहरांत भरत राहिली. वारी, महानुभाव, आंबेडकरी बौद्ध, दत्तसंप्रदाय, लावणी अशा विषयांवर जगभरचे अभ्यासक तिथे एकत्र येत, आणि मराठी येणे ही तिथे शोभेची गोष्ट नव्हती, ती गरज होती. अशा कार्यक्रमाचे खरे मोल व्याख्यानानंतरच्या अर्ध्या तासात असते. आपल्याकडे तो अर्धा तास आभारप्रदर्शन खाऊन टाकते, ही तक्रार मी इथे नोंदवून ठेवतो.

मराठी माणूस या विद्येला नवखा आहे, असे मात्र कोणी समजू नये. म्युलर यांच्या ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ या ५० खंडांच्या मालेत भाषांतरकार बहुतेक युरोपीय होते. पण आठव्या खंडातले १८८२ चे गीतेचे भाषांतर मुंबईचे वकील काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे आहे. रा. गो. भांडारकरांचा वैष्णव आणि शैव संप्रदायांवरचा ग्रंथ १९१३ साली स्ट्रासबर्गहून प्रसिद्ध झाला. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१० साली हार्वर्डला गेले, ते ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. श्रेय कोणाचे यावरून तिथल्या प्राध्यापकांशी त्यांचा बेबनाव झाला, काम रखडले, त्यांना पुन्हा पुन्हा अमेरिकेला जावे लागले, आणि ती आवृत्ती अखेर १९५० साली निघाली तेव्हा कोसंबींना जाऊन तीन वर्षे झाली होती.

पण या विद्येचे रीतसर शिक्षण घेऊन ते इथल्या मातीत आणणारा माणूस म्हणून मला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव सर्वांआधी घ्यावेसे वाटते. १९०१ साली ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. शिष्यवृत्ती युनिटेरियनांची, म्हणजे ज्या पंथाच्या एका कुटुंबाने पुढे बायबलवाचनाचा खटला लढवला, त्याच पंथाची. तिथे पालीचे पंडित एस्टलिन कार्पेंटर यांच्यापाशी त्यांनी तुलनात्मक धर्माचा अभ्यास केला, दोन वर्षांनी ॲम्स्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत भारतातल्या उदार धर्मावर निबंध वाचला आणि ते परतले. मग १९०६ साली त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. चरित्रकार हे दोन भाग वेगळे सांगतात: आधी शिक्षण, मग कार्य. मला ते वेगळे वाटत नाहीत. ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा त्यांचा १९३३ चा ग्रंथ उघडून पाहावा. अस्पृश्यता शास्त्रात आहे की नाही, या नेहमीच्या वादात ते अडकत नाहीत. ती केव्हा दिसू लागते, कोणत्या जमातींशी जोडली जाते, ब्रह्मदेशासारख्या बौद्ध देशात तिचे कोणते रूप आढळते, असे ते विचारत जातात. हा धर्मसुधारकाचा आवेश नाही, अभ्यासकाची चौकशी आहे. आणि सुधारकाला तिचा उपयोग झाला.

सयाजीराव गायकवाडांनीही हे बीज ओळखले होते. बडोद्याच्या कॉलेजात त्यांनी ऑल्बन विजरी या इंग्रज प्राध्यापकाला तत्त्वज्ञान आणि धर्मांचा तुलनात्मक अभ्यास शिकवायला नेमले. विजरींचा या विषयावरचा ग्रंथ १९२२ साली बडोद्यातच छापला गेला. म्हणजे लँकेस्टरच्या पंचेचाळीस वर्षे आधी एका मराठी राजाच्या संस्थानात हा विषय कॉलेजात शिकवला जात होता. संस्थान गेले, आणि तो धागाही तुटला.

पुढची गोष्ट थोडी विचित्र आहे. अभ्यास इथे होत राहिला, पण विभागाबाहेर. विभाग तिकडे वाढले आणि अभ्यासासाठी इथे आले. रा. चिं. ढेरे यांनी विद्यापीठीय पदांच्या चौकटीबाहेर राहून पुण्यातल्या आपल्या पुस्तकांनी भरलेल्या घरात उभे आयुष्य दैवतांचा माग काढण्यात घालवले. ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ १९८४ साली आले. विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या लोकदैवतात आहे, हा त्यांचा सिद्धान्त, आणि माढ्याच्या मूर्तीविषयीचे त्यांचे मत तर कित्येकांना झोंबले. त्याच ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर २०११ साली केले ॲन फेल्डहाउस यांनी. त्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या धर्म-अध्ययनाच्या प्राध्यापिका. महानुभावांचा सूत्रपाठ, रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे चरित्र, महाराष्ट्रातल्या नद्या आणि त्यांचे बाईपण, हे त्यांचे विषय, शं. गो. तुळपुळे यांच्याबरोबर त्यांनी जुन्या मराठीचा कोशही केला. रिद्धपूरला आता मराठी भाषेचे विद्यापीठ झाले आहे. गोविंदप्रभू ॲरिझोनाच्या वर्गात मात्र त्याच्या कितीतरी आधी पोचले होते.

इरावतीबाई कर्व्यांचा वारीवरचा लेख १९६२ साली इंग्रजीत आला आणि तेव्हापासून परदेशी वर्गांच्या वाचनयादीत टिकून आहे. एका दिंडीत चालणाऱ्या, एकच अभंग म्हणणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायका मुक्कामाला वेगवेगळ्या चुली मांडतात, हे त्यांनी पाहिले आणि तसेच लिहिले. भक्तीत समता किती, या प्रश्नावर त्या दोन चुलींनी जेवढे सांगितले तेवढे पुष्कळ ग्रंथांनी सांगितले नाही. अमेरिकेतल्या जॉन क्यून यांचे २०२१ चे पुस्तक त्याच प्रश्नावर आहे: एकनाथांनी अस्पृश्याघरी जेवण केल्याच्या कथा शतकानुशतके कोण, कशी, का सांगत आले.

एवढे लिहून २००४ चा उल्लेख टाळणे अप्रामाणिक होईल. अमेरिकेतल्या अशाच एका विभागातले जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकात महाराजांच्या कुटुंबासंबंधी एक ऐकीव, निराधार विधान होते. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले होते. तरीही ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला, आणि ज्या संस्थेने लेखकाला केवळ ग्रंथालय वापरू दिले तिच्या पोथ्या, पुस्तके आणि चित्रांची नासधूस झाली. पुस्तकावरची बंदी पुढे न्यायालयात टिकली नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानेही ती उठवणेच योग्य ठरवले. माझे मत मी आडपडदा न ठेवता सांगतो. ते विधान अभ्यासाच्या कसोटीवर टिकत नाही. कुजबुज ही सामग्री म्हणून वापरायची असेल, तर ती कोणाची, केव्हाची, कशासाठीची, हे दाखवण्याची जबाबदारी अभ्यासकावर असते आणि ती पाळली गेली नव्हती. पण चुकीच्या वाक्याला उत्तर म्हणून पोथ्या फाडणे हे कोणत्याही कसोटीवर बसत नाही. त्या दिवसानंतर कित्येक तरुण अभ्यासकांनी महाराष्ट्राचा विषय सोडून दुसरा घेतला तर त्यांना दोष देणे अवघड आहे. आणि मराठीत या प्रकारच्या प्रश्नांवर रागावूनही बोलत राहण्याची जागा असती, तर ते वाक्य आधीच, एखाद्या परिसंवादात, कोणीतरी खोडून काढले असते, असे मला अजूनही वाटते.

पश्चिमेतल्या विभागांची नक्कल करावी, असा या पुस्तकाचा आग्रह नाही. त्यांच्या ‘जगातले प्रमुख धर्म’ छापाच्या अभ्यासक्रमात प्रत्येक धर्माला एक संस्थापक, एक ग्रंथ आणि तीन आठवडे मिळतात. या साच्यात हाजी मलंगच्या गडावरची यात्रा कुठे बसवायची? शिवाय खुद्द तिकडे विद्यार्थी घटल्याने कित्येक विभाग इतिहास किंवा तत्त्वज्ञानात विलीन होत आहेत. आपल्याकडे सुरुवात करायची झाली तर सामग्रीची वाण नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली राचोलला छापलेले ‘क्रिस्तपुराण’ ओवीत आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद ‘योगसंग्राम’ लिहितात. कोकणातल्या बेने इस्रायलांनी एकोणिसाव्या शतकात ज्यू धर्मग्रंथांतल्या कथांवर मराठी कीर्तने रचली. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी एका दिवसात धर्म बदलला आणि त्यांच्या नातवंडांनी त्या दीक्षेचा अर्थ अजून उलगडत ठेवला आहे. एकट्या मराठीच्या आधारावर दोन वर्षांचा अभ्यासक्रम उभा राहील, आणि तरी बरेच काही बाकी राहील.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडे. प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील, पहिले सोडून. त्याच्या शेवटी एक स्वाध्याय दिला आहे, तो टाळू नये. आपल्या धर्माचे नसलेले एक प्रार्थनास्थळ निवडा. तिथल्या जबाबदार माणसाची परवानगी घ्या, का आलो ते खरे सांगा आणि तासभर बसा. चपला कुठे काढतात, बायका कुठे बसतात, पैसे कोण गोळा करते, सूचनाफलकावर काय लिहिले आहे, आधी कोण उठते, हे बघा. घरी येऊन दोन पाने लिहा. त्यांत स्तुतीचे किंवा निंदेचे एकही विशेषण असता कामा नये. मग तशीच दोन पाने आपल्या घरच्या देवघरावर लिहा. ज्यांच्या घरी देवघर नाही त्यांनी ते केव्हापासून नाही आणि कोणाच्या निर्णयाने, यावर लिहावीत. ही दुसरी दोन पाने जमेपर्यंत पुढचे प्रकरण उघडू नये, अशी लेखकांची अट आहे, आणि प्रस्तावनाकार म्हणून तिला माझा पाठिंबा आहे.